ठरावाचा ताळा

आमच्या जिल्ह्यांतील नगरपालिकांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरांत झाल्या आणि नगर शहराच्या महानगरपालिकेचें मतदान २०२६ च्या जानेवारींत झालें. गुलाल उधळला, फटाके वाजले, दारावरच्या पाट्या बदलल्या. त्यानंतर काय होतें? सभा भरते, विषयपत्रिका वाचली जाते, कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदक होतो, हात वर होतात आणि ठराव होतो. हें सर्व चार भिंतींच्या आंत चालतें. पण त्याचा परिणाम बाजारांत मेथीची पाटी पुढें घेऊन बसलेल्या बाईपर्यंत येऊन पोंचतो. म्हणून आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें एकच प्रश्न ठेवणार आहों. ठराव झाला म्हणजे काय झालें, आणि तो खरा कीं खोटा हें आपण ओळखावें कसें?

कांहीं बांधव म्हणतील, "शहराच्या सभेशीं आमचें काय देणेंघेणें? आमचें मत तेथें नाहीं, आमचें घर तेथें नाहीं." मत नाहीं हें खरें, पण संबंध नाहीं हें खोटें. आठवडे बाजार कोठें भरावा, जागेची पावती कितीची फाडावी, हातगाडी कोठें उभी राहूं द्यावी, कुंभाराच्या माठांस व बुरुडाच्या सुपांस रस्त्याच्या कडेला हातभर जागा मिळावी कीं नाहीं, हें त्या सभेंत ठरतें. नगर शहराचें सांडपाणी सीनेंत उतरतें, आणि सीना कांहीं शहराच्या हद्दीवर थांबत नाहीं. ती खालच्या गांवांच्या शिवारांतून पुढें जाते. नगर शहर मुळा धरणाचें पाणी पितें, आणि त्याच धरणाच्या पाटाकडे राहुरी-नेवाशाचा शेतकरी डोळे लावून बसतो. तेव्हां शहरानें हात वर केला कीं खेड्याच्या ताटांत कांहींतरी कमीजास्त होतेंच. ज्यांस तेथें मत नाहीं, त्यांनीं तर त्या सभेकडे दुप्पट लक्ष दिलें पाहिजे.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. नगरच्या लोकनियुक्त सभेची मुदत २०२३ च्या डिसेंबरांत संपली. त्यानंतर नवें मतदान होईपर्यंत दोन वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. जिल्ह्यांतील बऱ्याच नगरपालिकांच्या मुदती त्याहूनही आधीं संपल्या होत्या. राखीव जागांचा वाद न्यायालयांत पडून राहिला आणि निवडणुका लांबल्या; अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा हुकूम दिला तेव्हां चक्र हललें. एवढ्या काळांत सभेचे अधिकार एका अधिकाऱ्याच्या लेखणींत होते. तो अधिकारी चांगला कीं वाईट हा आमचा प्रश्न नाहीं. प्रश्न असा आहे कीं, ज्या कारभारांत "नाहीं" म्हणणारा खुर्चीवर बसलेलाच नाहीं, तेथल्या "होय"ला किंमत किती द्यावी?

"नाहीं" म्हणणाऱ्याची किंमत काय असते, याचा दाखला जोतीराव फुल्यांनीं घालून दिला आहे. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. त्या काळीं बत्तीस सभासद सरकारनें नेमलेले. नेमणुकीची खुर्ची म्हणजे मान हलवण्याची खुर्ची, असा सर्वांचा समज. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय सभेपुढें आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावा. मतें घेतलीं तेव्हां विरुद्ध मत एकट्या जोतीरावांचें पडलें. शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हांही १८८० सालीं त्यांनींच म्युनिसिपालिटीकडे लेखी तक्रार केली.

स्वागताचा ठराव मंजूर झाला हें खरें. मग त्या एका मताचा उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग असा कीं, त्या मतामुळें खर्चाच्या कागदावर दुसरी बाजू उमटली. हा पैसा आणखी कोठें जाऊं शकला असता, हें पुढच्यांस कळलें. सर्वांनींच माना डोलावल्या असत्या, तर तो हजार रुपयांचा खर्च हवेसारखा दिसेनासा झाला असता. सभेंत एकानें जरी "नाहीं" म्हटलें, तरी बाकीच्यांस आपल्या "होय"चा जाब आपल्याशींच द्यावा लागतो.

पण "होय" आणि "नाहीं" एवढ्यानें ठरावाची कथा संपत नाहीं. आम्ही शाळामास्तर मुलांस भागाकार शिकवतांना सांगतों कीं, उत्तर लिहिलें म्हणजे गणित संपलें असें समजूं नका. भागाकाराला भाजकानें गुणा, बाकी मिळवा, आणि तें भाज्याशीं जुळतें कीं नाहीं पाहा. याला ताळा म्हणतात. ताळा न पाहतां उत्तराखालीं रेघ ओढणारा मुलगा हुशार दिसतो, पण परीक्षेंत बुडतो. ठरावाचेंही तसेंच आहे. तो वहींत उतरला म्हणजे उत्तर लिहून झालें. ताळा अजून व्हावयाचा असतो. आणि तो सभागृहांत होत नाहीं. नळावर, बाजारांत, पाणवठ्यावर होतो.

महाडच्या म्युनिसिपालिटीची गोष्ट प्रत्येक घरांत सांगितली गेली पाहिजे ती याचसाठीं. तेथल्या सत्याग्रहाला २०२७ सालीं शंभर वर्षें भरतात. सत्याग्रह पुष्कळांस ठाऊक आहे. पण त्याच्या आधीं एक ठराव होता आणि नंतर दुसरा एक ठराव झाला, हें फार थोड्यांस ठाऊक आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं ठराव आणला. सरकारी खर्चानें बांधलेले किंवा कायद्यानें स्थापलेल्या संस्थांच्या ताब्यांतले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय. कौन्सिलानें तो मंजूर केला. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ रोजीं महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. कागदावर इतकें स्वच्छ काम क्वचितच झालें असेल.

आतां ताळा पाहूं. १९२४ गेलें, १९२५ गेलें, १९२६ गेलें. तळें तेथेंच, ठराव वहींत, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाची घागर पूर्वीइतकीच दूर. त्या तळ्यावर परधर्मी लोक पाणी भरीत, गुरेंढोरें पाणी पीत. अडवणूक होती ती आपल्याच देशबांधवांची. असें कां झालें? कारण ठरावानें तळें उघडलें, पण तळ्याभोंवतालचीं मनें उघडलीं नाहींत. कोणी आडवा आला तर त्याला कोणी हटवावें, पाणी भरणाराच्या पाठीशीं कोणी उभें राहावें, याचा कसलाही बंदोबस्त झाला नाहीं. ज्यांनीं हात वर केले, त्यांपैकीं बहुतेकांनीं ते लगेच खालीं घेतले. बोल्यांस तर ५ ऑगस्ट १९२६ रोजीं कौन्सिलांत पुन्हा उभें राहावें लागलें. जीं म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें हा ठराव अमलांत आणणार नाहींत, त्यांचें सरकारी अनुदान बंद करा, अशी सूचना त्यांनीं मांडली. एका ठरावाला जागें करण्यासाठीं दुसरा ठराव लागला!

मग १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों माणसांसह रांगेनें तळ्यावर गेले व पाणी प्याले. बांधवहो, नीट पाहा: त्या दिवशीं कायदा कोणी मोडला? पाणी पिणारांनीं तर म्युनिसिपालिटीच्या तीन वर्षें झोंपलेल्या ठरावाचा अंमल केला. पण थोड्याच वेळांत वीरेश्वराच्या देवळांत हे लोक शिरणार अशी खोटी आवई उठली, जमाव चालून आला, आणि परिषदेहून परतणाऱ्या निरपराध माणसांस मारहाण झाली. पुढें शेण-गोमूत्र, दूध-दही यांच्या घागरी ओतून तळें "शुद्ध" करण्यांत आलें. माणसाच्या ओंजळीनें बाटलेलें पाणी गुरांच्या शेणानें पवित्र होतें, हें शास्त्र ज्यांस पटलें, त्यांच्या बुद्धीविषयीं आम्ही अधिक काय लिहावें?

आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्हणजे बोल्यांचा ठराव झाला त्याला बरोबर चार वर्षें भरलीं त्या दिवशीं, त्याच महाड म्युनिसिपालिटीनें १९२४ चा आपला ठराव मागें घेतला. हात वर करून दिलेलें हात वर करून काढून घेतलें. डिसेंबरांत पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हां विरोधकांनीं दिवाणी दावा लावला आणि कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला. आंबेडकरांनीं कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. तो दावा खालच्या कोर्टांतून वर चढत मुंबई हायकोर्टांत गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं निकाल लागला. अस्पृश्यांस दूर ठेवण्याची अनादि काळाची वहिवाट आहे, असें वादींचें म्हणणें होतें. तें त्यांस सिद्ध करतां आलें नाहीं, आणि आंबेडकरांची बाजू जिंकली. ठराव १९२४ चा, निकाल १९३७ चा. एका ओंजळीच्या ताळ्याला तेरा वर्षें लागलीं.

या प्रकरणांतून आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी कीं, १९२४ चा ठराव आपल्या पायांनीं चालत तळ्यावर गेला नाहीं, आणि १९२७ चा उलटा ठराव हक्काला कायमची मूठमाती देऊं शकला नाहीं. दोन्ही वेळां निकाल लावला तो तेथें उभ्या राहिलेल्या माणसांनीं. दुसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या पंक्तीला झोंबणारी आहे, तरी सांगितलीच पाहिजे. महाडास आडवे आलेले लोक एकाच जातीचे नव्हते. स्पृश्य म्हणवून घेणाऱ्या अनेक जातींचे होते. उलट त्या म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे स्वतः स्पृश्य असून सत्याग्रहाच्या बाजूस उभे राहिले. ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे व जवळकर यांनीं सत्याग्रहास पाठिंबा देऊं केला, पण ब्राह्मण कार्यकर्त्यांस त्यांत घेऊं नये अशी अट घातली. आंबेडकरांनीं ती अट मानली नाहीं. माणूस कोणत्या कुळांत जन्मला हें पाहूं नका, सभेंत त्याचा हात कोणत्या बाजूस वर गेला तें पाहा, हा त्यांतला धडा आहे. "आपला माणूस निवडून आला" एवढ्यावर निर्धास्त झोंपणाऱ्या आमच्या बांधवांस तो आजही हवा आहे. कुंपणानेंच शेत खाल्लें तर तें कुंपण आपल्या बोरीचें कीं परक्याच्या बाभळीचें, हें विचारून उपयोग काय?

आतां दुसरी बाजू पाहूं, म्हणजे मन खचणार नाहीं. ताळा जुळलेले ठरावही आहेत, आणि त्यांतले कांहीं आपल्याच नगर तालुक्यांत आहेत. हिवरे बाजार हें कमी पावसाचें गांव. एके काळीं तेथलीं माणसें पोटासाठीं बाहेर पडत. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेंत ठराव झाले: डोंगरावर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, मोकळी गुरें सोडावयाचीं नाहींत, दारू नको, आणि कामाला सर्वांचें श्रमदान. पुढें शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी आली आणि ऊस-केळीसारख्या पाणखाऊ पिकांसही. उसाचा मोह सोडणें म्हणजे काय, हें आमच्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. कारखान्याची चिमणी दिसली कीं आमचें मन हलतें. मग तेथें तो ठराव टिकला कसा? टिकला तो सरपंच चांगला म्हणूनच नव्हे. दर वर्षीं त्याचा ताळा घेतात म्हणून टिकला. पावसाळा सरला कीं पाऊस किती पडला, जमिनींत किती मुरला, माणसांस किती, गुरांस किती, आणि पिकांस किती उरतो, याचा हिशेब उघड्या सभेंत मांडतात व त्यावरून रब्बीस काय पेरावें तें ठरवतात. ज्याला विहिरींतलें पाणी दिसतें, त्याला ठरावाचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा लागत नाहीं.

महाडचा कागद आणि हिवरे बाजारचा कागद यांत फरक शाईचा नाहीं. ज्यांच्यासाठीं ठराव झाला तीं माणसें तो करतांना समोर बसलीं होतीं काय, आणि झाल्यावर त्याचा हिशेब कोणी विचारला काय, एवढाच तो फरक आहे.

मग आमच्या वाचकांनीं करावें काय? लांबलचक उपदेश आम्हांला आवडत नाहीं. हातानें करतां येतील अशींच कामें सांगतों.

पहिलें काम आपल्या गांवचें. ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरली पाहिजे असा कायदा आहे. तिला मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांतला जो आंकडा लहान असेल तितकीं माणसें लागतात. तितकीं जमलीं नाहींत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली कीं तिला ही अट राहत नाहीं. याचा अर्थ ओळखा! तुम्ही घरीं बसलां म्हणून ठराव थांबत नाहीं. तुमच्यावांचून होतो, आणि तुमच्या नांवानें होतो. दवंडी पिटली गेली कीं एका घरांतून एक माणूस तरी गेलाच पाहिजे. मुख्य सभेच्या आधीं स्त्रियांची सभा घेण्याचीही तरतूद आहे. पाणी डोक्यावरून वाहते ती बाई. तेव्हां पाण्याचा ठराव तिच्या पाठीमागें कां व्हावा? आयाबहिणींनो, "आम्हांला त्यांतलें काय कळतें" हें बोलणें सोडा. हंडा किती जड असतो, हें सभेंत तुमच्याइतकें कोणासही कळत नाहीं.

दुसरें काम शहराच्या सभेचें. नगरपालिकेची सभा साधारणपणें लोकांस ऐकावयास खुली असते. बाजारच्या दिवशीं चार घटका काढून दोघांतिघांनीं तेथें जाऊन मागें बसावें. बोलतां येणार नाहीं, पण पाहतां येईल. आणि पाहणारे डोळे असले कीं वर होणारा हात जरा विचार करूनच वर होतो. जातां आलें नाहीं तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर सभेच्या प्रोसिडिंगची नक्कल मागतां येते, नकलेचे पानामागचे पैसे निराळे, आणि तीस दिवसांत उत्तर देणें कचेरीस भाग आहे. अर्ज लिहितां येत नसेल तर गांवच्या शाळेंत या. मास्तरांनीं एवढेंही करूं नये तर शाळा कशाला?

तिसरें काम आमच्या फिरत्या विक्रेत्यांचें व कारागिरांचें. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणें शहरांत एक समिती असावी लागते, आणि तिच्यांत निदान शेंकडा चाळीस सभासद विक्रेत्यांनीं आपल्यांतून निवडलेले असावे लागतात. त्यांतही स्त्रियांस तिसरा हिस्सा आहे. जागा हलवावयाची, गाड्या उचलावयाच्या, हें या समितीस बाजूस सारून करतां येत नाहीं. आपल्या शहरांत ही समिती आहे काय, आणि तिच्यांत आपलीं माणसें कोण, हें प्रत्येक हातगाडीवाल्यानें विचारावें. उत्तर मिळेपर्यंत विचारावें.

आणि कोणताही ठराव हातीं आला कीं चार गोष्टी तपासा. हा कोणी मांडला आणि विरुद्ध कोण होतें? पैसा कोणत्या खात्यांतून येणार? काम कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करावयाचें? आणि अडवणूक झाली तर दाद कोणाकडे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर कोरें असेल तर जाब विचारण्यास माणूस सांपडणार नाहीं. दुसऱ्याचें कोरें असेल तर तो ठराव नव्हे, नुसता सदिच्छेचा कागद आहे. तिसऱ्याचें कोरें असेल तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तो झोंपेल. आणि चौथ्याचें कोरें असेल तर चवदार तळें आठवा: तीन वर्षें उघडें होतें, आणि ओंजळ कोरडी होती.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यास आम्हांला सवड कोठें? पेरणी आहे, भट्टी आहे, माग आहे, गुरें आहेत. सवड नाहीं हें आम्ही जाणतों. पण सवड नाहीं म्हणून शेताची राखण कोणी सोडली आहे काय? कणसांत दाणा भरूं लागला कीं आमचा शेतकरी रात्रीची झोंप टाकून माळ्यावर बसतो, कारण डोळा लागला तर पांखरें व डुकरें वाट पाहत नाहींत हें त्याला पक्कें ठाऊक असतें. सभेंतला ठराव हेंही आपलेंच पीक आहे. आपल्या घामाच्या पैशानें तें पेरलेलें आहे. त्याची राखण करण्यास दुसरा कोणी येणार नाहीं.